वारे, पानवेली आणि नाडी

सकाळी उठलेल्या माणसाचा उजवा हात उचलेना, जीभ जडावली, की सायखेड्याच्या बाजूला आजही म्हणतात, ‘अंगावरून वारे गेले.’ मग दारे-खिडक्या लागतात, कोणी पारव्याच्या रक्ताचे मालीश सुचवितो आणि उपचाराचे मोलाचे तास निघून जातात. वाऱ्याचा याच्याशी संबंध नाही, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु रोगी वाचून घरी आल्यावर जो प्रश्न विचारावयास हवा, तो शिकलेले लोकही विचारीत नाहीत. हा आघात आला कोठून?

गोदाकाठच्या वाचकाला उत्तरासाठी वैद्यकाचा ग्रंथ नको. नदीच्या साचलेल्या पाण्यात पानवेली माजतात, पूर येताच सुटतात आणि सायखेड्याच्या पुलाला येऊन अडकतात. हृदयाचेही कित्येकदा असेच होते. वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंदे, ठेक्यात आकुंचन न पावता नुसतीच थरथरू लागली, की डाव्या अलिंदाच्या कोपऱ्यात रक्त साचून त्याची गुठळी होते. ती सुटते आणि मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकते. या विकाराने पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो, आणि एक आघात सोसलेल्याला दुसऱ्याचे भय अधिकच.

अडचण अशी की ही थरथर येते नि जाते. ईसीजी काढण्याच्या क्षणी ती नसली, तर कागद निर्दोष दिसतो. कारण न सापडलेल्या पक्षाघाताच्या रोग्यांवरील एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्वचेखाली यंत्र बसवून तीन वर्षे पाळत ठेवलेल्यांत ३० टक्क्यांना हा विकार आढळला. नेहमीच्या तपासणीत अवघ्या ३ टक्क्यांना. असले यंत्र मार्केटात कांद्याच्या गोण्या वाहणाऱ्या हमालाला मिळणार नाही, हे उघड आहे. पण मनगटावर तीन बोटे ठेवून मिनिटभर नाडी पाहावयास यंत्र लागत नाही, आणि ती पुनःपुन्हा पाहता येते.

औषधाची गोष्ट शेतकऱ्याच्या गोठ्यातच सुरू झाली. १९३३ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली गाय आणि न गोठणारे रक्त भरलेला दुधाचा डबा घेऊन विद्यापीठात पोचला. त्याची गुरे कुजके गवत खाऊन रक्तस्रावाने मरत होती. त्या शोधातूनच पुढे वॉरफॅरिन निघाले आणि १९५४ मध्ये ते माणसांसाठी मंजूर झाले. या विकारात ते पक्षाघाताचा धोका सुमारे दोन-तृतीयांशाने घटविते. अ‍ॅस्पिरिनला ते साधत नाही. नवी औषधे सोयीची आहेत, त्यांना वारंवार रक्ततपासणी लागत नाही. मात्र ज्यांची झडप संधिवाती तापाने अरुंद झाली आहे, त्यांच्यासाठी जुने वॉरफॅरिनच सरस ठरते, असे २०२२ च्या मोठ्या चाचणीत दिसले. हा ताप बहुतांशी दाटीवाटीच्या घरांतील दुर्लक्षित घसादुखीतून येतो. म्हणजे तो गरिबांचाच आजार.

गोळी स्वस्त आहे, तिची राखण महाग आहे. आयएनआर ही रक्ततपासणी नियमित करावी लागते. मात्रा कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. मेथी-पालक एका आठवड्यात भरपूर आणि दुसऱ्यात मुळीच नाही, एवढ्यानेही मात्रा बिघडते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, हे स्वागतार्हच. पण तपासणीसाठी तालुक्याला जाताना बुडणारा रोज कोण भरून देणार? आपल्या योजना रोगी खाटेवर असेतो त्याची विचारपूस करतात. घरी परतला की तो नजरेआड होतो.

म्हणून मागणी नेमकी करावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात ईसीजी आणि आयएनआरची सोय असावी, महिन्याच्या गोळ्या तेथेच मिळाव्यात. रक्त पातळ करणारे औषध कोणी स्वतःहून मात्र सुरू करू नये. मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर ते घातक, म्हणून आधी सीटी स्कॅन आणि डॉक्टरांचा निर्णय हवा. गावात पक्षाघात झालेले कोण, हे आशाताईंना बहुधा ठाऊक असते. कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेपूर्वी त्यांच्याबरोबर त्या घरी जावे, नाडी बेताल लागेल त्यांची नावे लिहून घ्यावीत आणि ती यादी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या हाती देऊन पोच घ्यावी.