विश्लेषण : गिअरबॉक्स उतरलाच आहे, तर आणखी काय बदलायचे?

मोटार गॅरेजमध्ये असते, मालक कार्यालयात. दुपारी फोन येतो : ‘‘साहेब, गिअरबॉक्स खाली घेतलाय. क्लचप्लेट तर संपलीच आहे. पण ऑइल सील, बेअरिंग, फ्लायव्हील यांचंही बघायला लागेल. करून टाकू का?’’ सकाळी सांगितलेला आकडा दुप्पट होऊ पाहतो आणि उत्तर लगेच हवे असते. मेकॅनिक खरेच हिताचे सांगतो आहे की बिल फुगवतो आहे, हे फोनवर कळत नाही. अशा वेळी सरसकट ‘हो’ म्हणणे महागात पडते आणि सरसकट ‘नको’ म्हणणेही.

मजुरीचा हिशेब का महत्त्वाचा?

क्लच बदलताना खरा खर्च पोहोचण्याचा असतो. पुढची चाके ओढणाऱ्या मोटारींत ड्राइव्ह शाफ्ट काढून गिअरबॉक्स उतरवावा लागतो. समजा, या कामाची मजुरी ६,००० रुपये आहे आणि आतले ऑइल सील ५०० रुपयांचे आहे. सील आज बदलले तर खर्च साधारण ५०० रुपयेच. आठ महिन्यांनी गळू लागले तर ते ६,५०० रुपयांना पडते. शिवाय इंजिनाचे तेल नव्या क्लचप्लेटवर आले, तर प्लेट घसरू लागते आणि तीही जाते.

म्हणूनच प्रत्येक सुट्या भागाबाबत तीन प्रश्न विचारावेत. तो आज उघडलेल्या जागेतच आहे का? तो झिजणारा आहे का? आणि उद्या बिघडला तर हेच सगळे पुन्हा उघडावे लागेल का? तिन्ही उत्तरे ‘हो’ असतील, तर भाग आजच बदलणे शहाणपणाचे.

कोणते भाग या कसोटीला उतरतात?

क्लचप्लेटसोबत प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग बदलणे ही रूढ पद्धत आहे. काही मोटारींत क्लचचा स्लेव्ह सिलिंडरही गिअरबॉक्सच्या आतच असतो. तिथे त्याचाही विचार करावा. फ्लायव्हील मात्र आधी तपासावे. त्यावर निळसर जळके डाग, तडे किंवा खोल चरे असतील तरच खर्च. अनेक डिझेल मोटारींतील दुहेरी फ्लायव्हील महाग असते. त्यामुळे ते खराब झाल्याचा पुरावा मागावाच.

टायमिंग बेल्टचेही तसेच. बेल्टसोबत टेन्शनर आणि आयडलर बदलावेत. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही. कारण बेल्ट तुटला की अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि काम थेट इंजिन उघडण्यावर जाते. मात्र सगळ्याच मोटारींना बेल्ट नसतो, अनेकांना साखळी असते. कंपनीच्या पुस्तिकेत ते पाहावे. बदलण्याची मुदत किलोमीटरमध्ये आणि वर्षांत दिलेली असेल, तर जी आधी येईल ती धरावी.

‘नको’ कधी म्हणावे?

एसी फिल्टर, बॅटरी, वायपर, ब्रेक पॅड यांचा गिअरबॉक्स उतरवण्याशी संबंध नाही. ते आज बदलले काय किंवा पुढच्या महिन्यात, मजुरी वाचत नाही. ब्रेक पॅड झिजले असतील तर जरूर बदलावेत. पण ‘गाडी उघडलीच आहे’ हे त्याचे कारण नव्हे. मोटार वर्षभरात विकायची असेल तर महागड्या, अजून चालणाऱ्या भागांवर खर्च टाळता येतो. ब्रेक आणि स्टीअरिंगच्या बाबतीत मात्र ही काटकसर नको.

ग्राहकाच्या हाती काय आहे?

वाढीव कामाची यादी फोनवर न ऐकता मोबाइलवर मागवावी : भागाचा फोटो, किंमत आणि मजुरी वेगवेगळी. काढलेले जुने भाग परत मागावेत. ओरिजिनल भाग सांगून दुसरा बसवला जाऊ नये म्हणून वेष्टनही पाहावे. पक्के बिल घ्यावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

प्रश्न एकट्या गॅरेजवाल्याचाही नाही. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना खुलेपणाने मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. त्यावर अपिलेही झाली. भागाची खरी किंमत आणि खरी गरज ग्राहकाला कळत नाही, तोवर प्रत्येक सल्ला संशयास्पद वाटणार. त्यात नुकसान प्रामाणिक मेकॅनिकचेही होते. त्याचा पाचशे रुपयांचा योग्य सल्ला धुडकावला जातो आणि सहा महिन्यांनी शिव्या त्यालाच बसतात. काम सुरू होण्यापूर्वीच ‘आत काय निघू शकते आणि त्याचे किती’ हे जॉब कार्डवर लिहून घेतले, तर दुपारचा तो फोन दोघांनाही जड जाणार नाही.