घरातलं विज्ञान : बटण लाल वायरीतच का?

दोस्तांनो, आज आधी माझी एक चूक सांगते आणि मग बटणाकडे वळते.

एका पावसाळ्यात चौथीच्या वर्गात आम्ही सेलचा प्रयोग केला. दीड व्होल्टचा सेल, टॉर्चचा बल्ब, दोन वायरी आणि पत्र्याच्या पट्टीचं बटण. बल्ब लागला, विझला, टाळ्या झाल्या. एका मुलीनं विचारलं, "बाई, बटण या वायरीत लावू का त्या?" मी म्हणाले, "कुठंही लाव गं, काही फरक पडत नाही." तिनं दोन्हीकडे लावून पाहिलं. खरंच फरक पडला नाही.

पंधरा दिवसांनी ती शाळेत आली ती रडवेली. "बाई, आजीला करंट लागला."

त्यांचं घर वेल्ह्याच्या बाजूला, मार्गासनीच्या पुढं. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण तोंडात अजून वेल्हेच येतं.) तिथला पाऊस तुम्हाला माहीतच आहे. भिंती चार महिने ओल्या. गोठ्यातली विजेची डबी पाणी जाऊन खराब झाली, म्हणून दहावीतल्या दादानं भोरच्या बाजारातून नवीन कंबाईन आणलं. कंबाईन म्हणजे एकाच डबीत बटणही आणि तीन भोकांचं सॉकेटही. दादानं मेन स्विच बंद केला, हे फार चांगलं केलं. पण वायरी जोडताना तो अडला, तेव्हा धाकट्या बहिणीनं शाळेतलं ज्ञान दिलं : "बटण कुठल्याही वायरीत चालतं, बाईंनी सांगितलंय."

दादानं काळी वायर बटणातून नेली आणि लाल वायर सरळ सॉकेटला दिली. हिरवी वायर तिथवर आलेलीच नव्हती, म्हणून वरचं मोठं भोक रिकामंच ठेवलं. पिन खुपसली, बटण दाबलं, गोठ्यातला दिवा लागला. झालं काम!

दोन दिवसांनी बल्ब गेला. आजीनं बटण बंद केलं, जुना बल्ब काढला आणि नवा बसवताना बोट होल्डरच्या आतल्या पितळी टोकाला लागलं. आजी मागं फेकली गेली. कडब्यावर पडली म्हणून वाचली, मनगट मात्र सुजलं. मी भेटायला गेले तर पुन:पुन्हा एकच सांगत होती, "बटाण बंद केलं व्हतं की गं मी!"

आजीचं काहीच चुकलं नव्हतं. नसरापूरहून वायरमनला बोलावलं. त्यांनी बटण बंद ठेवून सॉकेटच्या उजव्या भोकात टेस्टर घातला. टेस्टर लागला! दिवा बंद, पण वीज होल्डरपर्यंत येऊन उभी.

मग माझ्या सेलच्या प्रयोगात हे का कळलं नाही? कारण सेलच्या दोन्ही टोकांचा जमिनीशी काही संबंध नसतो. सेलमधून निघालेल्या विजेला परत सेलकडेच जायचं असतं आणि तिची वाट एकच, ती वाट कुठंही तोडली तरी चालतं. शिवाय दीड व्होल्टनं आपल्याला काही होत नाही. घरातल्या विजेचं तसं नाही. ती गावातल्या डीपीवरून येते आणि डीपीजवळ न्यूट्रल, म्हणजे आपली काळी वायर, मुद्दाम जमिनीत गाडलेली असते. म्हणजे विजेला परत जायला दोन वाटा झाल्या : एक काळ्या वायरीतून, दुसरी जमिनीतून. दादाच्या बटणानं पहिली वाट बंद केली. दुसरी उघडीच होती. आजी अनवाणी, गोठ्याची जमीन ओली, बोट फेजला लागलं आणि दुसरी वाट आजीच्या अंगातून पूर्ण झाली. बटण लाल वायरीत असतं तर वीज डबीतच थांबली असती.

आता थोडं गणित. घरातली वीज २३० व्होल्ट. ओल्या अंगाचा विरोध १००० ओहमच्या आसपास येऊ शकतो. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर. जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब साधारण ०.२६ अँपिअर घेतो. म्हणजे एक बल्ब पेटेल एवढी वीज माणसातून जाऊ शकते आणि माणसाच्या हृदयाला ती फार होते. मग फ्यूज किंवा एमसीबी का उडाला नाही? कारण ६ अँपिअरच्या एमसीबीला ही वीज म्हणजे किरकोळ. तो वायर जळू नये म्हणून असतो, आजीसाठी नव्हे. माणसासाठी वेगळं यंत्र मिळतं, आरसीसीबी. लाल वायरीतून गेलेली वीज काळीतून परत आली की नाही याचा ते सतत हिशेब ठेवतं. ०.०३ अँपिअरचा, म्हणजे ३० मिलिअँपिअरचा, फरक दिसला की क्षणात वीज तोडतं. आई-बाबांनो, ओल्या भिंतींच्या घरात हा खर्च जरूर करा.

वायरमनकाकांनी जोडणी बदलली ती आम्ही सगळे लांबून बघत होतो. लाल वायर आधी बटणात. बटणाच्या दुसऱ्या स्क्रूपासून एक छोटा तुकडा सॉकेटच्या उजव्या भोकाला. काळी सरळ डाव्या भोकाला. मग अर्थिंगपासून हिरवी वायर ओढून आणली, ती वरच्या मोठ्या भोकाला. समोरून बघताना उजवं फेज, डावं न्यूट्रल, वर अर्थिंग. काका म्हणाले, रंगावर मात्र विसंबायचं नाही. आधीच्या माणसानं रंग उलटे वापरले असले तर? म्हणून ते प्रत्येक वायर तपासूनच हात लावतात.

थ्री-पिनची वरची पिन नीट बघितलीत का कधी? ती जाड तर असतेच, पण लांबही असते. पिन खुपसताना अर्थिंग सगळ्यांत आधी जोडलं जातं आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटतं. इस्त्रीच्या किंवा मिक्सरच्या धातूच्या अंगाला आत कुठं फेज चिकटली, तर वीज आपल्याऐवजी या हिरव्या वायरीनं जमिनीत जाते. दिवा तिच्याशिवायही लागतो, म्हणून तर तिला सगळे विसरतात.

तुम्ही हे कागदावर काढून बघा, सेल आणि बल्ब घेऊन करून बघा. भिंतीवरच्या डबीला मात्र हात लावायचा नाही. ते काम परवाना असलेल्या वायरमनचं. मोठ्यांनी त्यांना एवढंच सांगायचं : "बटण बंद ठेवून सॉकेट तपासून दाखवा."

सोमवारी वर्गात मी फळ्यावर दोन्ही चित्रं काढली आणि "त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं" असं म्हणाले. वर्ग चिडीचूप. मग तीच मुलगी उठली. "बाई, डीपीजवळ काळी वायर जमिनीत गाडलीच नसती, तर आजीला काहीच झालं नसतं ना? मग गाडतात कशाला?"

प्रश्न बिनतोड आहे. तुमच्या गावची डीपी रस्त्यावरूनच, लांबून बघा. वरून येणाऱ्या तारांमध्ये ११,००० व्होल्ट असतात. त्यातली एखादी तुटून घराकडे जाणाऱ्या तारेवर पडली तर काय होईल, याचा विचार करा. उत्तर पुढच्या आठवड्यात.