तेरा बेअरिंग आणि एक कांडी

मंगळवारी संध्याकाळी मोहटादेवी चौकात भाजी घेत होतो. मागून हाक आली, "काका, तेरा बेअरिंगचं घेऊ की चाराचं?" आमच्याच गल्लीतला पोरगा. सीएनसीवर काम करतो. दिवाळीत घरच्यांना घेऊन कोकणात जायचंय, होडीतून मासे गरवायचेत, त्यासाठी रीळ हवंय. मला गळाचा नाद आहे हे या सदराच्या वाचकांइतकंच आमच्या गल्लीलाही ठाऊक आहे. त्याने मोबाईलवर दोन खोकी दाखवली. एकावर सोनेरी, ठसठशीत 13. दुसऱ्यावर कोपऱ्यात बारीक 3+1. किंमत जवळजवळ सारखी. पोराचा अंगठा तेरावर टेकलेला.

मला राग आला. पोराचा नाही, त्या आकड्याचा. 1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने आमची ही वस्ती वाढली. इथल्या घराघरात कुणी ना कुणी शाफ्ट घासलाय, बोअर मापलाय, बेअरिंग ठोकून बसवलंय. बेअरिंग नुसतं असून भागत नाही, ते ज्यात बसतं ते हाउसिंग गोल आणि सरळ असावं लागतं, हे इथल्या अप्रेंटिसलाही कळतं. तेवढ्याच पैशांत कुणी तेरा बेअरिंग घालत असेल, तर त्याने पैसे वाचवले कुठे? गिअरच्या धातूत, ड्रॅगच्या चकत्यांत, नाहीतर त्या बेअरिंगमध्येच. दिवसभर मायक्रॉन मोजणारी आपली पोरं संध्याकाळी खोक्यावरच्या आकड्याला भुलतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

गेल्या दिवाळीत हर्णैहून आम्ही सात जण होडीतून निघालो होतो. फार आत नाही, सुवर्णदुर्ग नजरेत राहील इतपतच. पुतण्याने नवं कोरं रीळ आणलं होतं, तेराचंच. तासाभरात त्याला तांबोशी लागली. मासा जोर करू लागला की दोरी एकसारख्या ताणाने सोडत राहायची, हे ड्रॅगचं काम. त्याच्या रिळाने आधी दोरी घट्ट धरून ठेवली, मग हातभर झटक्यात सोडली, पुन्हा धरली. तिसऱ्या झटक्याला दोरी तुटली. पोरगा बराच वेळ पाण्याकडे बघत बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी खाऱ्या पाण्याने हँडल असं जाम झालं की फिरता फिरेना.

त्याच होडीत माझा आठ वर्षांचा नातू माझं चार बेअरिंगचं जुनं रीळ घेऊन बसला होता. हँडलच्या एका फेरीला पाऊण मीटर दोरी गुंडाळली जाते, एवढंच मी त्याला सांगितलं होतं. शिसं तळाला टेकवून तो दोरी वर घेऊ लागला, मोठमोठ्याने फेऱ्या मोजत. चोविसाव्या फेरीला शिसं पाण्यावर आलं. थोडा वेळ ओठ हलले, मग होडीवाल्या काकांना म्हणाला, "इथं अठरा मीटर पाणी आहे." काका म्हणाले, "दहा वाव. बरोबर रे बाळा." एकही मासा न धरता तो पोरगा दिवसभर खुशीत होता. पैसे वसूल होणं मी याला म्हणतो.

तेव्हा थोडक्यात. होडीत सात माणसं असली तरी सात रिळं लागत नाहीत, दोन चांगली पुरतात, आळीपाळीने धरावीत. साधारण 4000 मापाचं, हँडल डावीउजवीकडे बदलता येईल असं घ्यावं. दोरी हाताने ओढून ड्रॅग सलग सुटतो का, ते दुकानातच पाहावं. दोरी दहा किलो ताणाची असेल तर ड्रॅग अडीच-तीन किलोवर लावावा. रद्दीवाल्याचा स्प्रिंगचा काटा दोरीला अडकवून ओढला की लगेच कळतं. परतल्यावर ड्रॅग आवळून रीळ गोड्या पाण्याने हलकेच धुवावं, बुडवू नये. पुसून, वाळवून झालं की ड्रॅग सैल करून ठेवावा.

आपण वापरतो त्या रिळाची रचना ज्याने पेटंट केली, तो कापड गिरणीवाला होता. आल्फ्रेड इलिंगवर्थ, इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा, साल 1905. त्याआधीच्या बहुतेक रिळांत दोरी सुटताना फिरकी गरगर फिरायची आणि गुंता व्हायचा. याने फिरकी स्थिर ठेवली आणि दोरी तिच्या टोकावरून सोडली.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पैठण आठवलं. तिथल्या एका विणकराच्या घरी मी मागाशेजारी अर्धी दुपार बसलो होतो. धोटा इकडून तिकडे जायचा, त्यातली कांडी जागची हलायची नाही आणि रेशीम तिच्या टोकावरून अलगद सुटायचं. मधेच आजोबा थांबले. मला काहीच दिसलं नव्हतं, त्यांच्या बोटाला धाग्यातली गाठ लागली होती. त्यांनी कांडी बाहेर काढली, गाठ सोडवली, कांडी परत बसवली. या सगळ्याला मिनिटही लागलं नाही. त्या मागात असं काहीच नव्हतं, जे त्यांना स्वतःला उघडता येत नव्हतं.

तिथून निघालो आणि नाथसागराच्या काठावर जाऊन बसलो. धरण 1976 चं, पक्षी अभयारण्य 1986 पासूनचं. गळ मी तिथे नेत नाही, नुसता बसतो. पाण्यावर थर्मोकोलच्या तराफ्यावर एक भोईदादा जाळं ओढत होते. ओढता ओढता थांबले, फाटलेला डोळा मांडीवर घेतला, दोन गाठी मारल्या आणि पुन्हा ओढू लागले. विणकर आजोबा आणि हे दादा, दोघांच्याही हाती असलेली वस्तू मोडली तरी त्यांच्याच हाताने उभी राहणारी होती.

पुतण्याचं रीळ आम्ही घरी आणून उघडलं. गिअरचे दात झिजलेले. नवा गिअर कुठेच मिळाला नाही, ते रीळ आता फळीवर पडून आहे. माझ्या जुन्या रिळात दोरी फिरकीवर वळवणारी तारेची कडी असते, तिचा स्प्रिंग दोनदा बदललाय, घरीच.

चौकातल्या पोराला मी उत्तर दिलं नाही. रविवारी त्याला घरी बोलावलंय. ओट्यावर वर्तमानपत्र पसरून जुनं रीळ त्याच्यासमोर ठेवणार आहे, शेजारी एक बारीक स्क्रूड्रायव्हर. नातूही सुट्टीला आलाय, काढलेले स्क्रू ताटलीत ओळीने मांडायचं काम त्याने आधीच मागून घेतलंय.