खरादीची बांगडी

शाळेच्या दाखल रजिस्टरात ‘पालकाचा व्यवसाय’ असा एक रकाना असतो. आमच्या वाशीम जिल्ह्यात कितीतरी नावांसमोर आम्ही ‘मजुरी’ लिहून मोकळे होतो. आठवीतल्या एका मुलासमोरही तेच लिहिले होते.

गेल्या महिन्यात एका नातेवाइकांनी कर्नाटकातल्या चन्नपटणाहून आणलेली लाकडी बांगडी आम्ही कार्यानुभवाच्या तासाला वर्गात नेली. ती इतकी गुळगुळीत, की मुलांनी प्लास्टिकची ठरवली. हा मुलगा मात्र आतून बोट फिरवून म्हणाला, “सर, ही खरादवर उतरवली आहे. रंग लाखेचा आहे.”

मग तो सांगत गेला. लाकडाचा तुकडा खरादला लावायचा, फिरता ठेवून पटाशीने बाहेरून गोल करायचा, आतून पोकळ करायचा आणि एकेक बांगडी कापून काढायची. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली, की घासण्याच्या उष्णतेने लाख वितळून चढते. पानाने घासले की चमक येते. लाकूड ओले असले तर बांगडी वाळताना चिरते.

“तुला कसं माहीत?” विचारल्यावर मान खाली गेली. “अब्बा खरादी आहेत.” पलंगाचे पाय, बेलणी, पाळण्याचे दांडे. तीन वर्षांत त्याने हे कुणाला सांगितले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते.

त्या रात्री बीएडच्या वेळी वाचलेले फिनलंड आठवले. तिथे उनो सिग्नेउस या शिक्षणतज्ज्ञाच्या आग्रहाने १८६६ पासून गावच्या शाळांत हाताचे काम हा विषयच झाला. आजही मुलगे-मुली दोघेही सुई आणि रंधा शाळेतच हाती धरतात. अशा देशातल्या काइया आरिक्का हिला स्वतः शिवलेल्या पोशाखाला मनाजोगी बटणे मिळेनात, तेव्हा तिने ती लाकडाची केली. १९५४ मध्ये त्यातूनच तिचा व्यवसाय उभा राहिला. गोल लाकडी मण्यांची तिची कंकणे तिथे बायका हौसेने घालतात. लाकडाचे म्हणून कुणी हलके मानत नाही.

आपल्याकडे हे कुणाला सुचले नव्हते असे नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये, आपल्या विदर्भातल्याच वर्ध्याला परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने हस्तव्यवसाय मध्यभागी ठेवून मातृभाषेतल्या सात वर्षांच्या शिक्षणाचा आराखडा केला. आम्ही मात्र कार्यानुभवाचा तास गणिताला देतो आणि वर्षअखेर गुण भरतो. हजरत जकरिया अलैहिस्सलाम सुतार होते, ही हदीस आम्हीच मुलांना सांगतो, हे आणखी वर.

त्या मुलाच्या अब्बांना शाळेत बोलावले. “काही चुकलं का पोराचं?” हाच त्यांचा पहिला सवाल. बांगडी पाहून हसले. आठ दिवसांनी शिसवीची एक करून आणली, लाख न लावता, नुसती घासलेली. आमच्या घरी ती कुणाच्याच हातात जाईना. त्यांनी मनगटाचे माप धरले होते. बांगडीला माप लागते मिटलेल्या पंजाचे.

“पलंगाला पंजा नसतो ना सर,” ते म्हणाले, आणि घरातून अडीचच्या मापाची काचेची बांगडी मागून घेऊन गेले.