डोंग्यातल्या बायांनाही लाइफ जॅकेट हवे

२३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यातील गणपूर (रै.) गावच्या बाया मिरची तोडायला निघाल्या. शेत वैनगंगेपलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात. नाव नदीत उलटली आणि सहा जणी बुडाल्या.

त्यानंतर वर्षभराने, ३१ जानेवारी २०२५ला, बंगळुरूत जन्मलेली अनन्या प्रसाद एकटीने वल्हे मारत अटलांटिक ओलांडून अँटिग्वा बेटावर पोहोचली. सुमारे ४,८०० किलोमीटर, ५२ दिवस. तिच्या जिद्दीला सलाम करायलाच हवा. पण त्या जिद्दीमागची तयारीही पाहायला हवी. अशा मोहिमेतली नाव लाटेने पालथी झाली तरी पुन्हा सुलटी होते. वल्हवणाऱ्याच्या कमरेला सुरक्षादोर असतो, नाव कुठे आहे हे उपग्रहामुळे किनाऱ्यावर कळत राहते.

आपल्याकडचा डोंगा म्हणजे कोरलेला झाडाचा बुंधा. उकिडवे बसायचे, तळाशी झिरपलेले पाणी डब्याने उपसायचे. उथळ पाण्यात नावाडी बांबू रोवून डोंगा ढकलतो, खोल पाण्यात वल्हे मारतो. एकाने कूस बदलली तरी डोंगा कलतो. अंगात जॅकेट नाही, काठावर नोंद नाही.

पावसाळ्यात तर गडचिरोलीतल्याच भामरागडचे बेटच होते. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा यांच्या संगमावरचे हे तालुक्याचे गाव. पर्लकोटेच्या ठेंगण्या पुलावरून पाणी गेले, की वर्षानुवर्षे त्याचा संपर्क तुटत आला. लोकबिरादरी प्रकल्पाचा हेमलकसा येथील दवाखाना जेमतेम तीन किलोमीटरवर, पण नदीच्या पलीकडे. तापाने फणफणलेल्या लेकराला घेऊन निघालेल्या आईसाठी ते अंतर पुराच्या दिवसांत किती वाढत असेल!

पूल हवेतच. सिरोंचा-कालेश्वरम पुलाने गोदावरीच्या दोन्ही काठांची ये-जा सोपी केली. पण प्रत्येक घाटावर पूल होणार नाही, आणि दिवसाच्या मजुरीसाठी रस्त्याने लांबचा फेरा कोणालाच परवडत नाही. म्हणजे डोंगा राहणारच. मग तो सुरक्षित का नसावा?

कायद्याची अडचण नाही. २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने बिनयांत्रिक नावांचीही दखल घेतली असून त्यांच्या देखरेखीत स्थानिक स्वराज्य संस्थांना स्थान दिले आहे. ग्रामपंचायतीने डोंग्यांची नोंद करावी, किती माणसे बसवायची ते डोंग्यावरच रंगवावे, घाटावर लाइफ जॅकेट आणि दोर ठेवावेत, धरणातून पाणी सोडण्याची सूचना नावाड्याच्या मोबाइलवर पोहोचवावी. नावाड्याला प्रशिक्षण आणि मानधनही द्यावे, म्हणजे दोन जादा माणसे बसवण्याचा मोह त्याला होणार नाही.

यातले काहीही पुलाइतके महाग नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्हा परिषदांनी यासाठी याच वर्षी निधी द्यावा आणि पुढच्या मिरची तोडणीआधी वैनगंगेच्या घाटांपासून सुरुवात करावी.