धंदा कोणत्या नेटवर्कवर उभा करताय, त्याची आखणी आधी बघा!



"सर, ऑनलाइन विकायचंय, कुठल्या ॲपवर जाऊ?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतोच. मग पुढचे प्रश्न ठरलेले: कमिशन किती, डिलिव्हरी कोण करणार, पैसे किती दिवसांत खात्यात येणार. हे सगळं विचारायलाच पाहिजे. पण त्याच्याआधीचा एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. हे नेटवर्क आखलंय कोणी, आणि कोणाची सोय बघून आखलंय?

माझं मत सरळ सांगतो. कमिशन आज एक असतं, उद्या दुसरं. नेटवर्कची आखणी मात्र सहजासहजी बदलत नाही, आणि तुमचा धंदा तिच्यावरच उभा असतो. म्हणून लहान उद्योजकाने दर बघायच्या आधी आखणी बघावी.

आठवडी बाजाराचंच उदाहरण घ्या. दोघांकडे सारखीच भाजी, सारखाच भाव. पण एकाची जागा बाजाराच्या तोंडाशी, दुसऱ्याची मागे भिंतीजवळ. संध्याकाळी कोणाची टोपली रिकामी होते, हे तुम्हाला माहीत आहे. ॲपवर तुमचा माल पहिल्या पानावर दिसतो की दहाव्या, हा तोच जागेचा प्रश्न आहे. फरक एवढाच की बाजारात जागा कोण वाटतं ते दिसतं, ॲपवर दिसत नाही.

हिशेब शेवटच्या नंबरवर होता

आता थोडं मागे जाऊ. इंटरनेटच्या आखणीत सुरुवातीपासून असलेले एमआयटीचे डेव्हिड क्लार्क यांनी १९८८ मध्ये एक लेख लिहिला. इंटरनेट आखताना कोणती उद्दिष्टं होती, त्यांची महत्त्वाप्रमाणे यादीच त्यात दिली आहे. सगळ्यांत वर काय होतं? नेटवर्कचा एखादा भाग बंद पडला तरी संपर्क चालू राहिला पाहिजे. साहजिक आहे, पैसा अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा होता. आणि यादीत सगळ्यांत शेवटी? कोणी किती वापरलं याचा हिशेब.

क्लार्क यांनी स्वतःच लिहिलंय की हेच नेटवर्क व्यापारासाठी आखलं असतं, तर हा हिशेब यादीत बराच वर आला असता. म्हणजे बघा, ज्या गोष्टीवर आपण आज दुकान चालवतो, ती मुळात दुकानासाठी आखलेलीच नव्हती. पैसे, ओळख, विश्वास, तक्रार हे सगळं नंतर वरून बसवलं गेलं. आणि ते ज्यांनी बसवलं, त्यांनी आपापल्या सोयीने बसवलं.

नेटवर्क म्हणजे रस्सीखेच

२००२ मध्ये क्लार्क आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी आणखी एक लेख लिहिला. त्यातला मुद्दा आपल्या कामाचा आहे. नेटवर्कवर वेगवेगळ्या लोकांचे हितसंबंध एकमेकांशी भिडणारच: ग्राहक, विक्रेता, कंपनी, सरकार. ही रस्सीखेच संपवता येत नाही. म्हणून आखणी अशी करा की प्रत्येकाला निवडीला वाव राहील आणि निकाल आधीच एका बाजूने लागलेला नसेल.

त्यांनी दिलेलं एक उदाहरण पत्त्याचं आहे. नेटवर्कवरचा तुमचा पत्ता सेवा देणाऱ्या कंपनीशी बांधलेला असेल, तर कंपनी बदलणं महाग पडतं. मग ग्राहक अडकतो, आणि अडकलेल्या ग्राहकाला चांगली सेवा द्यायची घाई कोणालाच नसते.

हा प्रश्न एकट्या इंजिनिअरने सुटणारा नाही, हेही पुढे मान्य झालं. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने २००६ पासून भविष्यातल्या इंटरनेटच्या आखणीवर संशोधन सुरू केलं आणि २०१० मध्ये चार मोठे प्रकल्प निवडले. संगणकतज्ज्ञांबरोबर अर्थशास्त्र, कायदा, समाजशास्त्र, नीतिशास्त्र यांचाही विचार व्हावा, असा त्यामागे आग्रह होता. कारण साधं आहे. वायर कुठून न्यायची हे इंजिनिअर सांगेल. पण वायरवरून जाणाऱ्या धंद्यात कोणाला किती वाटा मिळावा, हा वेगळा प्रश्न आहे.

आपल्याकडे हे घडलंय

"हे सगळं अमेरिकेतलं, आम्हाला काय?" असं म्हणाल. पण आखणी बदलली की लहान माणसाचं काय होतं, हे आपण आपल्याच देशात पाहिलंय.

पहिलं, मोबाइल नंबर. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. त्याआधी दुकानाच्या पाटीवर, पावतीवर, टेम्पोच्या मागे रंगवलेला नंबर कंपनीच्या हातात होता. आता तो तुमच्याबरोबर चालतो.

दुसरं, नेट न्यूट्रॅलिटी. ठरावीक साइट स्वस्त किंवा फुकट आणि बाकीच्यांना पूर्ण पैसे, अशा योजना येऊ घातल्या होत्या. २०१५ मध्ये ट्रायने मतं मागवली तेव्हा दहा लाखांहून जास्त ई-मेल गेले. नंतर ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकूर बघून डेटाचा वेगळा दर लावायला मनाई केली. विचार करा, ती मनाई नसती तर मोठ्या कंपनीची साइट ग्राहकाला फुकट उघडली असती आणि तुमच्या लोणच्या-पापडाच्या साइटला डेटा खर्च झाला असता.

तिसरं, यूपीआय. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालं. ग्राहकाचं ॲप एक, बँक दुसरी, तुमची बँक तिसरी, तरी पैसे पोचतात. चहाच्या टपरीवर क्यूआर कोड लागला तो या आखणीमुळे.

पण 'खुलं' म्हटलं की सगळं झालं का?

नाही. यूपीआय खुलं असूनही बहुतांश व्यवहार दोनच ॲपवरून होतात. एका ॲपचा वाटा ३० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, असं एनपीसीआयने नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर केलं, पण त्याची मुदत एकापेक्षा जास्त वेळा पुढे ढकलली गेली. रस्ता सगळ्यांचा असला तरी गर्दी एकाच दुकानासमोर होऊ शकते.

ओएनडीसीचंही तसंच. डिसेंबर २०२१ च्या अखेरीस ही कंपनी स्थापन झाली, एप्रिल २०२२ मध्ये पाच शहरांत चाचणी सुरू झाली. कल्पना मला पटते: ग्राहक एका ॲपवर, विक्रेता दुसऱ्या ॲपवर, तरी सौदा होतो. पण वस्तू फुटलेली निघाली तर जबाबदार कोण? ग्राहकाचं ॲप, विक्रेत्याचं ॲप, डिलिव्हरीवाला की तुम्ही? एकच कंपनी असते तेव्हा निदान भांडायला एक दार असतं. क्लार्क यांच्या यादीत हिशेब शेवटी होता, आठवतंय ना? जबाबदारीचा हिशेब आखणीत मागे राहिला, तर त्याचा त्रास शेवटी लहान माणसालाच होतो.

म्हणून "खुलं ते चांगलं, बंद ते वाईट" असं मी म्हणत नाही. मोठ्या ॲपवर जरूर विका, ग्राहक तिथे आहे. फक्त डोळे उघडे ठेवून जा.

सही करण्याआधी हे चार प्रश्न विचारा

१. क्रम कोण ठरवतं? माझा माल वर-खाली कशाने होतो, हे लेखी सांगतात का? ते ॲप स्वतःचाही माल विकतं का? स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० च्या ई-कॉमर्स अहवालात याच मुद्द्यांवर बोट ठेवलं होतं.

२. ग्राहक कोणाचा? ऑर्डर केलेल्या ग्राहकाशी मी थेट बोलू शकतो का, की त्याचं नावही मला दिसत नाही?

३. बाहेर पडताना काय हातात राहतं? रेटिंग, फोटो, ऑर्डरचा इतिहास यातलं काय बरोबर नेता येतं?

४. तक्रार कुठे, आणि किती दिवसांत? दार एक आहे की चार?

चारही उत्तरं विरोधात असतील तरी कधीकधी जावंच लागतं. मग जा, पण सगळा धंदा तिथे ठेवू नका. स्वतःच्या नावाचं डोमेन घ्या. ग्राहकाच्या परवानगीने त्याचा नंबर तुमच्या वहीत लिहा. परवानगी न घेता नको. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाचा कायदाही झालाय. पॅकेटवर तुमचं नाव मोठं, ॲपचं लहान.

आणि शेवटचं. ट्राय किंवा एखादं मंत्रालय मतं मागवतं तेव्हा "आपलं कोण ऐकणार" म्हणून गप्प बसू नका. मोठ्या कंपन्या आपली बाजू मांडायला माणसं ठेवतात. लहान दुकानदार बोललाच नाही, तर आखणी करणाऱ्याला तो दिसणारच नाही. दोन परिच्छेदांचं पत्र मराठीत लिहिलं तरी ते पत्रच आहे.

या आठवड्याचा गृहपाठ: तुम्ही आज ज्या ॲपवर विकताय, त्याच्यासाठी ही चार उत्तरं वहीत लिहा. ज्या प्रश्नाचं उत्तर सापडणार नाही, त्याला लाल पेनने गोल करा. तिथेच तुमची जोखीम आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, जोमात करा!