कार्ड गेले, अक्षरे राहिली

साताऱ्याला पोवई नाक्याजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात परवा भंगाराच्या खोक्यात एक लांबलचक हिरवे कार्ड दिसले. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, कशाचं आहे कोण जाणे. वजनावर जाईल." मी मात्र ओळखले. ते पुण्याच्या सी-डॅकचे 'जिस्ट' कार्ड होते.

त्या काळी संगणकावर डॉस ही कार्यप्रणाली असे आणि तिला देवनागरी लिपी ठाऊक नव्हती. आमच्या बँकेत लेजर पोस्टिंगची यंत्रे आली तीही इंग्रजीच. वाळव्याचा वाळवेकर पासबुकात 'वालवेकर' होऊन येई आणि काउंटरवर भांडे. त्याचे काय चुकले?

जिस्टचे काम सुरू झाले आयआयटी कानपूरला. १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाल्यावर मोहन तांबे ते घेऊन पुण्याला आले. हे कार्ड संगणकाच्या खाचेत बसे आणि दुभाष्यासारखे वागे. डीबेस किंवा वर्डस्टारच्या लेखी आत नुसते आकडे असत. पडद्यावर मात्र 'ळ' आणि जोडाक्षरे उमटत. डॉसला पत्ताही नसे.

मग विंडोज आले. ते पडदा स्वतःच रंगवू लागले आणि दुभाष्याला मधे उभे राहायला जागा उरली नाही. कार्डात बिघाड नव्हता, कार्यप्रणालीने त्याची ओळख ठेवली नाही एवढेच. असे मोठ्या घरीही होते. सी-डॅकच्याच २०१३ च्या 'परम युवा-२' महासंगणकात इंटेलची झिऑन फाय ही सहप्रक्रियक कार्डे होती. त्या जातीच्या कार्डांसाठी लिनक्सच्या गाभ्यात असलेला कोड २०२० च्या अखेरीस काढून टाकण्यात आला.

पण जिस्ट गेले तरी त्याच्यामागची 'इस्की' ही संकेतावली गेली नाही. १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली आणि आज आपल्या फोनवर जे युनिकोड आहे, त्यातल्या देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली. म्हणून त्या कार्डावर लिहिलेला मजकूर, फाईल शाबूत असेल तर, आजही मराठीत आणता येतो.

वाईट झाले ते नंतर. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकृती चिकटवणारे फाँट आले. माझी एक कादंबरी १९९८ मध्ये सांगलीत अशाच एका फाँटात जुळवली गेली. आज ती सीडी उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. सांगलीला लागून असलेल्या मिरजेत १८०५ मध्ये ताम्रपटावर गीता छापली गेली. त्या पानांवर निदान डोळ्यांना दिसणारी अक्षरे तरी होती. माझ्या सीडीत तीही नाहीत.

पतपेढ्यांची इतिवृत्ते, साखर कारखान्यांचे अहवाल, दिवाळी अंक, स्मरणिका यांतले किती कागद अशा फाँटांत अडकले असतील, कल्पना करा. फाँट ओळखणारा माणूस हयात आहे तोवर हे उलगडता येईल. ग्रंथालयांनी आणि संस्थांनी हे काम याच वर्षी हाती घ्यावे, असे मला कळकळीने वाटते. आज विक्रेते कृत्रिम बुद्धिमत्तेची खास चिप असलेले संगणक पुढे करतात. घ्यावेत, जरूर घ्यावेत. फक्त कार्ड किती वेगवान आहे हे विचारण्याआधी आपला मजकूर कोणत्या संकेतात साठणार आहे, ते विचारावे. दुकानदाराला उत्तर येत नसेल तर पुढच्या दुकानात जावे.

ते जिस्ट कार्ड मी शंभर रुपयांना उचलले. सध्या ते टेबलावर आहे आणि शेजारी कादंबरीची छापील प्रत. रोज चार पाने पुन्हा टाइप करतो आहे. परवा सत्तेचाळिसाव्या पानावर तेव्हाची एक मुद्रणाची चूकही सापडली.